रोज थोडा उशीर

२ मे

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि मी बसायच्या आधीच बिस्किटांची बशी पुढे सरकवली. बशी पुढे आली की काहीतरी काढून घेणार, हे आमच्या संस्थेत सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळी माझी कोल्ड रूम. जुलै संपला की ती मत्स्यबीजवाल्यांना द्यायचं घाटतंय. "तोपर्यंत काही ठोस हाती लागलं तर बघू, मॅडम." मी बिस्किट घेतलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा दोन घेतली.

म्हणून ही वही. प्रयोगाच्या नोंदी संगणकात असतात, पण तिथे चिडचिड लिहायला रकाना नसतो.

प्रश्न साधा आहे. ध्रुवाजवळच्या समुद्रात हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तिथल्या पाण्यात क्रिल असतात, कोळंबीच्या कुळातले, करंगळीएवढे, आरपार दिसणारे जीव. एरवी ते रात्री वर येऊन खातात आणि दिवसा खोल जातात. पण महिनोन्‌महिने उजेडच नसेल तर वर कधी यायचं हे त्यांना कोण सांगतं? त्यांच्या अंगात स्वतःचं घड्याळ असतं का? मी म्हणते, असतं. साहेब म्हणतात, "असेलही." आमचा आकडेवाला, म्हणजे संस्थेचा संख्याशास्त्रज्ञ, म्हणतो, "दाखवा." ते दाखवण्यासाठीच तीन वर्षं मी जहाजातून आलेले हे जीव बर्फासारख्या पाण्यात जगवते आहे. खोली गेली की जीव गेले, आणि जीव गेले की माझं या संस्थेत काम काय उरलं?

घरी आईंना सांगितलं. आई म्हणजे सासूबाई. त्या म्हणाल्या, "मग दाखव की. रडतेस कशाला?" मी रडत नव्हते. कांदा चिरत होते.

९ मे

आजपासून काळोख. आठ उंच काचेच्या नळ्या, एकेका नळीत एकेक क्रिल. नळीच्या कडेने त्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे किरण सोडले आहेत. जीव वर-खाली पोहला की किरण तुटतो आणि संगणक मोजतो. बाकी ठार अंधार. खोली गार ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरचा हिरवा दिवासुद्धा मी काळ्या चिकटपट्टीने बुजवला. माझ्या घड्याळाचे काटे चमकतात म्हणून घड्याळ बाहेर, मोबाइल बाहेर, आणि आत मी भिंत चाचपडत. पहिल्याच फेरीत कपाळावर टेंगूळ आलं.

खाणं घालायची भानगड वेगळीच. रोज एकाच वेळी शेवाळाचं पाणी घातलं तर त्यांना वेळ माझ्याकडूनच कळेल. म्हणून चोवीस तासांच्या चोवीस चिठ्ठ्या एका डब्यात ठेवल्यात आणि रोज रात्री आई दुसऱ्या दिवसासाठी एक काढतात. जी वेळ निघेल तेव्हा मी जायचं. आईंना या कामाचा भलताच हुरूप आहे. डोळे मिटून, डबा हलवून, तोंडाने काहीतरी पुटपुटत चिठ्ठी काढतात आणि गैरसोयीची निघाली की मनापासून खूश होतात.

रात्री जेवून भांडी पुसत होतो तेव्हा स्वारीचा फोन आला. स्वारी म्हणजे माझा नवरा. दक्षिणेच्या बर्फावर एक संशोधन-ठाणं आहे, तिथले जनरेटर सांभाळतो. तिथल्या प्रत्येकाला आपापलं जेवण आटपलं की रोज पाच मिनिटं फोन करायची मुभा आहे. ठाण्याचं घड्याळ आमच्याच वेळेवर लावलेलं असतं, म्हणून आमचं आणि त्याचं जेवण एकदमच उरकतं. तिथला सूर्य आता मावळला, तो ऑगस्टमध्येच उगवेल. हा दुसरा हिवाळा त्याने मला न विचारता पत्करला. त्यावरून निघताना जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलतो.

१७ मे

त्याचा जोडीदार मेकॅनिक आतड्याचं दुखणं निघाल्यामुळे शेवटच्या विमानाने परत गेला. आता जनरेटरचं सगळं याच्या एकट्याच्या गळ्यात. खाट उचलून मशीनशेजारच्या खोलीत टाकली म्हणाला, सारखं जा-ये कोण करणार. जेवणही तिथेच मागवतो. खोलीला खिडकी नाही. "असती तरी काय दिसणार होतं," असं वर म्हणाला.

हल्ली फोन उशिरा येतो. आज मी अंथरुणावर पडले होते. दिवसभर अंधारात चाचपडून आलेल्या बाईला झोपेतून उठवायचं आणि "तिकडे गरम होतंय का" विचारायचं, याला काय म्हणावं? घरचा फोन मी आईंच्या उशाशी ठेवून दिला.

क्रिल आठही जिवंत आहेत.

२६ मे

पहिला निकाल. आकडेवाल्याने आठही प्राण्यांची सगळ्या दिवसांची सरासरी काढून आलेख पडद्यावर टाकला. सरळ रेष. कुठे चढ नाही, कुठे उतार नाही. दिवस आणि रात्र यांत तसूभर फरक नाही. "बाई, इथे घड्याळ असेल तर ते बंद पडलेलं आहे," तो म्हणाला. त्याला टोचायचं नव्हतं. पण टोचलं.

सरासरीचा आग्रह माझाच होता. समुद्रात हे जीव लाखोंच्या थव्याने एकदम वर येतात, एकदम खाली जातात. थव्याने चालणाऱ्यांचं घड्याळही एकच असणार, हे मी धरून चालले होते. आणि एकेकट्या प्राण्याचं सांगितलं तर साहेब म्हणणार, एकाचं काय सांगता?

फोन म्हणे पहाटे तीनला आला. आईंनी घेतला. मी म्हटलं, "मला उठवायचं नाही का?" तर म्हणाल्या, "तू उठून काय केलं असतंस? भांडलीच असतीस."

बरोबरच आहे.

३० मे

मी हार मानणार नाही. दुसरी फेरी सुरू केली. आधी काही दिवस उजेड-अंधाराची सवय लावायची, मग पुन्हा काळोख. या वेळी जास्त दिवस. आकडेवाला म्हणाला, "तेच येणार." मी म्हटलं, "मग तेच दोनदा येऊ दे."

स्वारीचा फोन आज उजाडताना आला. आईंनी विचारलं, जेवलास का? तर म्हणाला, "आत्ताच जेवलो." उजाडताना! म्हणजे रात्र-रात्र पत्ते कुटत बसतात आणि पहाटे जेवतात. बर्फावर नोकरी करायची की यांची सहल निघालीय? आई भाजी निवडत राहिल्या. मला वाटलं, त्यांनाही पटलं.

८ जून

कॉम्प्रेसर दुपारी बंद पडला. संस्थेचा मेकॅनिक दुसऱ्या गावाला गेलेला. मी, शिपाई आणि मत्स्यबीज विभागातली ती पोरगेलेशी शास्त्रज्ञ, जिला माझी खोली मिळणार आहे, अशा तिघांनी मिळून बर्फाच्या लाद्या आत नेल्या. तिघंही अंधारात एकमेकांना धडकत. ती एकदाही "बॅटरी लावू का" म्हणाली नाही. खोली तिला द्यायची वेळ आलीच तर निदान माणसाच्या हाती जाईल. एक क्रिल मेला. सात उरले.

घरी आल्यावर आई म्हणाल्या, सकाळी मी बाहेर पडल्यावर लगेच फोन आला होता. "त्याने विचारलं, आज वार कुठला?" मी म्हटलं, त्याच्या खोलीत कॅलेंडर नाही का? आई म्हणाल्या, "असेल गं. पण विचारलं त्याने."

मी फार थकले होते. अंघोळ करून झोपले.

१५ जून

काळोखातल्या पहिल्या दिवसांचा आलेख पुन्हा सरळ. साहेबांनी बिस्किटं पुढे केली नाहीत, चहा मागवला. चहा म्हणजे प्रकरण बिस्किटांच्याही पुढे गेलं. "मॅडम, घड्याळ नाही असं लिहिलंत तरी तो निष्कर्षच आहे. त्यात कमीपणा नाही." मी म्हटलं, "फेरी पुरी होऊ द्या, मग लिहीन." आवाज चढला माझा. त्यांनी चहा संपवला आणि नुसती मान हलवली.

आणि आजच्याच दिवशी, दुपारी मी कोल्ड रूममध्ये असताना, स्वारीने फोन केला. थेट माझ्या मोबाइलवर. मोबाइल बाहेर टेबलावर. बाहेर येऊन पाहते तर मिस्ड कॉल. मी आत असते तेव्हाच करायचा म्हणजे बोलावं लागत नाही, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. मनात आलं ते लिहिते: त्याला परत यायचं नसेल. दुसरा हिवाळा घेतला, तिसराही घेईल. मला त्याची आठवण येते आणि त्याचा रागही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी आले की मला काम सुचत नाही.

आईंशीही वाजलं. म्हणाल्या, "तो रोज करतो. एक दिवस चुकवला नाही. रोज थोडा उशीर होतो, एवढंच." मी म्हटलं, थोडा उशीर? रात्रीचा फोन दुपारी येतो त्याला थोडा उशीर म्हणतात होय! त्यांनी रागाने चिठ्ठ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आज तूच काढ."

२१ जून

आजचं आजच लिहून ठेवते.

आज सुट्टी होती. ठरवलं होतं, भांडण उरकूनच टाकायचं. फोन आला की मीच उचलणार आणि विचारणार, येणार आहेस की नाही. पण दिवसभर फोनपाशी कोण बसणार? कामं पडली होती. म्हणून हिशेब केला. पंधरा तारखेला एकच्या सुमाराला आला होता. काल आईंनी सांगितलं साडेतीन. त्याआधी सकाळी, त्याआधी पहाटे. रोज अर्ध्या तासाच्या आसपास पुढे सरकतोय. म्हणजे आज चारला. मी कपडे धुतले, वाळत घातले, चारला पाच कमी असताना फोनपाशी येऊन बसले. सगळी वाक्यं मनात तयार होती.

चारला फोन वाजला.

मी उचलला आणि तयार वाक्यं बाजूलाच राहिली. ज्याला वेळेचं भान नाही त्याचा फोन कधी येणार हे मला आधीच कसं कळलं? ज्याचं घड्याळ बंद आहे तो ठरल्यासारखा रोज तेवढाच कसा सरकेल?

"हॅलो, आई?" तो म्हणाला.

"मी आहे. जेवलास का?"

"आत्ताच जेवलो. आता झोपतो." दुपारी चार वाजता. "तू आहेस होय," असं म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखू येईना. "कसं सांगू... इथे दिवस लांब झालेत गं."

"किती लांब?" मी विचारलं. अगदी प्रयोगशाळेत विचारावं तसं. नंतर मलाच लाज वाटली.

तो हसला. म्हणाला, कळत नाही. मशीनचा अलार्म वाजला की उठतो, नाहीतर झोप येईल तेव्हा झोपतो. बाकीचे जेवायला बसतात तेव्हा हा झोपलेला, हा उठतो तेव्हा ते झोपलेले. गेल्या कित्येक दिवसांत कुणाशी धड बोललेला नाही. फक्त आईशी, पाच मिनिटं. "वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच नाहीये. फोन आईच घेते." मी म्हटलं, "मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचं नाहीये." पाच मिनिटं संपली.

मी थेट संस्थेत गेले. सुट्टीच्या दिवशी आकडेवाल्याला घरून बोलावलं. तो घरच्याच कपड्यांत, पायात चपला अडकवून आला. सरासरी सोडून दे म्हटलं. प्रत्येक प्राणी वेगळा घे. त्याच्या एकेका दिवसाची पट्टी कर आणि पट्ट्या एकाखाली एक लाव. पहिल्या प्राण्याच्या पट्ट्या पडद्यावर आल्या आणि आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. हालचालीचे काळे ठिपके रोज थोडे उजवीकडे सरकत खाली उतरत होते, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. दुसऱ्याचेही सरकत होते, पण त्याच्या स्वतःच्या चालीने. तिसऱ्याचे उलट, डावीकडे. सातांपैकी पाचांना घड्याळ होतं, पाचांची पाच घड्याळं. सगळी एकत्र करून भागली तर सरळ रेष येणार नाही तर काय!

आकडेवाला म्हणाला, "बाई, आपण दोघंही गाढव." मी म्हटलं, "हो." इतका आनंद मला कधी झाला नव्हता आणि इतकी भीतीही वाटली नव्हती. आनंद पाच जीवांमुळे, आणि भीती सहाव्यामुळे, जो तिकडे बिनखिडकीच्या खोलीत आहे.

२३ जून

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्यांनी कानाडोळा केला असं नाही, पण मशीन नीट चालत होती आणि हा तक्रार करत नव्हता, त्यामुळे कुणी पाहायला गेलं नाही. त्यांनी खाट परत सगळ्यांच्या इमारतीत हलवायला लावली. रात्रीच्या अलार्मवर पाळीपाळीने माणसं ठरवली. सकाळी उठल्याबरोबर मोठ्या दिव्यासमोर बसायचं. आणि सकाळी सातला मी फोन करणार, रोज. तो झोपेत असला तरी उठवणार. एका दिवसात हे जुळत नाही हे मला माहीत आहे. अर्धा तास, अर्धा तास मागे ओढत आणावं लागेल.

तो आधी वैतागला. "मला तुझा क्रिल समजू नकोस."

"क्रिलला मी हात लावत नाही," मी म्हटलं. "त्यांना अंधारातच ठेवायचं असतं. तुला नाही ठेवणार."

त्याने फोन ठेवला नाही.

३ जुलै

साहेबांना पट्ट्या दाखवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला एवढंच सांगा, पुन्हा केलं तरी हेच दिसेल?" मी म्हटलं, दिसेल. "मग जुलैऐवजी ऑगस्टअखेर. त्यापुढे माझ्या हातात नाही." बिस्किटं, चहा, काहीच नव्हतं. मला ते फार आवडलं.

तिसरी फेरी नव्या आठ प्राण्यांवर करायची. अडचण एकच. चिठ्ठीत सकाळी सातची वेळ निघाली तर? तेव्हा मला फोन करायचा असतो. आई म्हणाल्या, ती चिठ्ठी काढूनच टाक. पण एक तास कायमचा वगळला तर तीच त्या प्राण्यांना खूण होईल. रोज एक ठरावीक तास कुणीच येत नाही, हीसुद्धा बाहेरून मिळालेली वेळच झाली. चिठ्ठी डब्यातच राहणार. निघाली तर फोन आईंनी करायचा. नंबर चांगला लांबलचक आहे. आईंनी तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहायला लावला आणि रोज त्याच्याकडे संशयाने बघतात.

१४ जुलै

तो अजून सरकलेलाच आहे. सातला फोन केला की तोंडात झोप, शब्द जड. कधी चिडतो. काल म्हणाला, "झोपू दे ना, काय बिघडणार आहे?" मी म्हटलं, "ऊठ, दिव्यासमोर बस, आणि मला सांग आज नाश्त्याला कोण कोण होतं." सांगत नाही तोवर फोन ठेवत नाही. पाच मिनिटांची मुभा डॉक्टरीणबाईंनी दहा करून दिली आहे.

मला भीती वाटते की हे पुरणार नाही. तरी उद्या सातला करणारच.

२९ जुलै

आज आपण होऊन म्हणाला की स्वयंपाक्याने त्याला पत्त्यांत हरवलं. संध्याकाळी, जेवणानंतर. म्हणजे आता पत्ते खरंच सुरू झाले! मी आईंना सांगितलं तर त्यांनी हात जोडले आणि पुन्हा चिठ्ठीचा डबा हलवायला घेतला.

निघतानाच्या भांडणाचंही आज बोललो. दहा मिनिटांत मिटलं नाही. उरलेलं उद्या.

१२ ऑगस्ट

काल रात्री ती चिठ्ठी निघाली. सकाळी सात. आईंचा चेहराच पडला. "हात माझाच मेला," म्हणाल्या. मी म्हटलं, काही होत नाही, नंबर भिंतीवर आहे, सावकाश लावा. पण सहाला घरातून निघाले तेव्हा पाय निघत नव्हता. आजवर एकही सकाळ मी चुकवली नव्हती.

सातला मी अंधारात होते. आठ नळ्या, एकेक करत शेवाळाचं पाणी. हात गारठलेले, डोळ्यांपुढे काही नाही. वाटलं, आईंचा एखादा आकडा चुकला असेल, ठाण्यात दुसरंच कुणी उचललं असेल, आणि हा झोपलेला असेल, आणि उद्या पुन्हा अर्ध्या तासाने पुढे. घाई करावीशी वाटली. केली नाही. आठही नळ्या नीट झाल्यावरच बाहेर आले. बाहेर आकडेवाला आलेला होता. म्हणाला, "बाई, आठांपैकी सहांना घड्याळ. तसेच सरकतायत." मी नुसतीच मान हलवली आणि मोबाइल उचलून घरी फोन लावला.

"आई, लागला का नंबर?"

"कुठला लागतोय," आई म्हणाल्या. "चष्मा घालून भिंतीपाशी उभी राहिले, पहिले दोन आकडे दाबले नाहीत तोच फोन वाजला. त्याचाच."

"त्याने केला? किती वाजता?"

"सातलाच गं. मी म्हटलं, ती नाहीये, ती अंधारात गेलीय तिच्या जनावरांकडे. तर म्हणाला, जाऊ दे तिला. तिला फक्त सांग, मी उठलोय."

मी तिथेच पायरीवर बसले. आकडेवाल्याने विचारलं, "काय झालं, कोणी मेला का?" मी म्हटलं, नाही, सगळे जागे आहेत.